कुणाच्या नावावर

उरणमध्ये सायकल चालवायची तर पहाटे साडेचारला घराबाहेर पडावं लागतं. सहानंतर रस्ता ट्रेलरांचा. दास्तान फाट्यापासून चाळीस फुटी कंटेनरांची रांग लागली की तिच्या कडेने जाणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकायचा की पुढचा खड्डा बघायचा, यातलं एकच काहीतरी जमतं. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला, पण त्यावर सायकलला मनाई आहे. त्यामुळे आमच्याकडची सायकलवाली मंडळी रविवारी करंजाच्या धक्क्यावर जातात, सायकली लाँचमध्ये चढवतात, रेवसला उतरतात आणि अलिबागच्या बाजूला जाऊन मोकळा श्वास घेतात. लॉकडाऊनमध्ये घेतलेली माझी सेकंडहँड माउंटन बाइक बहुतेक खाडीपलीकडेच चालली आहे.

त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत नाशिकच्या द्राक्षबागांमधून तीन दिवस सायकली फिरवायचा बेत निघाला तेव्हा मी सगळ्यांत आधी हो म्हणालो. आम्ही पाच जण इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. तिथे कुणालाच नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, जो जिथला ते त्याचं नाव. डोंबिवली, परळ, सोलापूर, नागपूर आणि मी उरण. आता पाचही जण सॉफ्टवेअरमध्ये आहोत, पाच वेगवेगळ्या कंपन्यांत, पण व्हॉट्सॲपवर नावं अजून तीच सेव्ह आहेत. नागपूर आमच्यातली एकटी मुलगी आणि एकटीच खरी सायकलपटू. बाकीच्यांच्या सायकली चांगल्या होत्या, हिच्या मांड्या चांगल्या होत्या.

टेम्पोत सायकली बांधून कसारा घाट चढलो आणि गंगापूर धरणाजवळ एका घरगुती मुक्कामाच्या जागी उतरलो. नाशिकला सायकलचं वेड मोठं आहे. इथल्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून तर पहाटे गंगापूर रोडवर हेल्मेटांची रांग दिसते म्हणतात. आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि सावरगाव–गंगावऱ्हे बाजूच्या कच्च्या वाटांना लागलो. डावीकडे धरणाचं पाणी, उजवीकडे वेली, मध्ये ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या. मुरमावर मागचं चाक जरा सरकतं आणि पुन्हा धरतं, ते एकदा अंगात भिनलं की माणूस हसायला लागतो. सोलापूर पहिल्याच उतारावर ओरडत गेला आणि खाली बाभळीच्या काट्यांत थांबला. त्याच्या ट्यूबलेस टायरमधून रुईच्या चिकासारखं पांढरं द्रावण उडालं आणि भोकं आपोआप बुजली. एका शेळीवाल्या काकांनी हे पाहिलं. “माणसाला लावता येतंय का ते?” एवढंच विचारून ते पुढे गेले.

वाईनची बाग आणि खायच्या द्राक्षांची बाग यांतला फरक सायकलवरून लगेच कळतो. वाईनच्या वेली कुंपणासारख्या सरळ ओळींत तारांवर उभ्या असतात. दोन ओळींमधून पलीकडचं पाणी दिसतं, फोटो चांगले येतात. खायच्या द्राक्षांवर वेलींचा मांडव असतो, त्याखाली वाकून काम करायचं. निर्यातीचे घड तर कागदात गुंडाळलेले असतात, गुलाबी पडू नयेत म्हणून. एका मांडवाखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो, तर डोक्यावर गेल्या महिन्याच्या राशिभविष्याचे घड लटकत होते.

दोन्हींचं वर्ष सारखंच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात बर्फाखाली झोपते. आपल्याकडे तिला झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा कापावी लागते. गोडी छाटणी आणि तोडणी यांच्यात अवकाळी पाऊस आला तर डावणी, ढगाळ हवा राहिली तर भुरी, गारा पडल्या तर सगळंच संपलं. हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका माणसाने सांगितलं, त्याच्याबद्दल पुढे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही रीतसर वाईन प्यायलो. चेनिन ब्लाँ नावाची पांढरी वाईन नागपूरला कैरीच्या पन्ह्यासारखी लागली, परळला काहीच लागली नाही. समोर सूर्य धरणात उतरत होता, पाय दुखत होते, त्यामुळे जे काही होतं ते अमृत होतं. अशा वेळी माणसं जमिनीचा विचार करतात. डोंबिवलीने राजीव सामंतांची गोष्ट काढली. स्टॅनफर्डला शिकलेला माणूस, ओरॅकलमध्ये नोकरी, ती सोडून नव्वदच्या दशकात नाशिकला आला, आधी आंबा वगैरे लावून बघितला, मग वाईनची द्राक्षं लावली आणि सुला उभी केली. २०२२च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली. “आपल्यासारखाच ना? ओरॅकलवाला!” डोंबिवली म्हणाला.

“त्याच्या घरची जमीन होती इथे,” मी म्हणालो.

“मग आपण घेऊ.”

आणि त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट तयारच होती. पाच जण, एक एकर, वर दोन खोल्या, शनिवार-रविवार भाड्याने द्यायच्या. मुक्कामाच्या ठिकाणी येणाऱ्या एका दलालाशी त्याचं बोलणंही झालं होतं. नागपूरने फोनवर कायदा शोधला आणि अडचण सांगितली. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. सातबारावर कुठेतरी नाव लागतं. डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. परळचे आजोबा गिरणीत. सोलापूरचे वडील शिक्षक, गावी काही उरलेलं नाही. नागपूरची तीन पिढ्यांची सरकारी क्वार्टर्स. मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

“उरण, तुझं नाव आहे ना सातबारावर?”

आहे. साडेचार गुंठ्यांवर. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा बापूस, आत्या, काका आणि आम्ही भावंडं असे सगळे मिळून त्या साडेचार गुंठ्यांवर बसलो. डोंगराच्या कडेची ती पट्टी संपादनाच्या रेषेबाहेर राहिली, एवढंच तिचं कर्तृत्व. बाकीची भातखाचरं सिडकोकडे गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली ती या लढ्यामुळे. आजोबा तेव्हा जासईला होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. कुणी “तुमची जमीन गेली ना?” असं विचारलं की मात्र न चुकता दुरुस्ती करायचे, “गेली नाय. नेली.”

मी त्या रात्री नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. सकाळी लवकर निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता सहलीतला सगळ्यांत सुंदर. गिरणारेपर्यंत बागा आणि भाजीपाला. सातच्या सुमारास गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजुरांचा बाजार भरलेला होता. हरसूल, पेठ या बाजूंनी जीपमधून आलेले आदिवासी बायका-पुरुष घोळक्याने उभे, हातात जेवणाचे डबे, आणि बागायतदार मोटरसायकलवर बसूनच रोज ठरवत होते. आमच्या निऑन जर्सी त्या गर्दीतून गेल्या तेव्हा एक पोरगा आमच्याबरोबर थोडा धावला. त्याला सायकलच्या डिस्कब्रेकमध्ये रस होता. मी थांबून दाखवला. त्याने चाक फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा फिरवलं. मग त्याच्या आईला काम मिळालं आणि दोघं ट्रॉलीत बसून गेले.

गिरणाऱ्याच्या पश्चिमेला हळूहळू बागा संपतात. पाऊस वाढतो, पाटाचं पाणी संपतं, नागली-वरई आणि भाताचा मुलूख लागतो. फेब्रुवारीत ती शेतं नुसती कोरडी. वाघेऱ्याचा घाट उतरताना एकाही माणसाने ब्रेकवरचा हात काढला नाही आणि एकानेही तोंड बंद ठेवलं नाही. पळस पेटलेले होते. खाली एका मोहाच्या झाडाखाली आम्ही पोळ्या सोडल्या. मोह अजून फुलायचा होता.

तिथे मी मित्रांना सांगितलं की वाईनचं कौतुक नाशिकला असू दे, मुंबईला दारू पाजणारं गाव पूर्वी आमचं होतं. एकोणिसाव्या शतकात उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या, त्यांत मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई आणि समुद्रमार्गे मुंबईला जाई. फुलं यायची पंचमहालांतून, पिणारे मुंबईत. उरण मधल्यामध्ये. “म्हणजे तेव्हाही तुम्ही बंदरच,” परळ म्हणाला. परळ कमी बोलतो, पण बोलतो ते डोक्यात राहतं.

घाट परत चढताना मात्र कुणी बोललं नाही. सगळ्यांत हलका गिअर टाकला की पाय भराभर फिरतात आणि रस्ता जागचा हलत नाही. मला तेव्हा ६ मार्च २०१८ची आठवण होत होती. त्या दिवशी याच जिल्ह्यातले, सुरगाणा-पेठ-दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून पायी निघाले आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. मुलांच्या दहावीच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटचं अंतर रात्रीच चालून काढलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, वर्तमानपत्रांत सोललेल्या तळव्यांचे फोटो पाहिले होते. त्यांची मुख्य मागणी, कसत असलेली वनजमीन आमच्या नावावर करा. पिढ्यान् पिढ्या कसतायत, पण कागद नाही. माझ्याकडे कागद आहे, कसत कुणीच नाही. साडेचार गुंठ्यांच्या सातबारावर पिकाच्या रकान्यात ‘पड’ असं लिहिलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दलालाने जागा दाखवली. दिंडोरीच्या बाजूला, टेकडीच्या उतारावर, एक एकर. वेली काढून टाकलेल्या, लोखंडी अँगल आणि गंजक्या तारा तशाच. खाली मालकाची बाकीची तीन एकर बाग, मांडवाची, हिरवीगार. मालक पन्नाशीतले. दलालाला बाजूला ठेवून त्यांनीच आम्हाला बाग दाखवली, बायकोने चहा दिला. वर म्हटलेला तो माणूस हाच.

वरच्या एकरात पूर्वी वाईनची द्राक्षं होती. २००१ साली राज्य सरकारने वाईनचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क काढलं. वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांशी करार झाले. वाईनच्या द्राक्षाला विरळणी नको, जीएची डीप नको, मजुरी कमी, भाव ठरलेला. मग २००८ नंतरची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटनही मंदावलं. वाईन टाक्यांत पडून राहिली आणि बऱ्याच वायनऱ्यांनी माल उचलणं थांबवलं. “ते द्राक्ष बाजारात नेऊन खायला विकता येत नाही. बारीक असतं, बियांचं असतं, कातडं जाड. करार मोडला की ते कुणाचंच नाही,” ते म्हणाले. त्यांनी वेली उपटल्या. खाली थॉम्पसन होतीच, ती निर्यातीची केली.

२०१०ला तिथेही फटका बसला. वाढ रोखण्यासाठी वापरायच्या एका औषधाचा अंश युरोपात सापडला आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून ते फवारणीची वही देवाच्या पोथीसारखी ठेवतात. त्यांची बाग ‘ग्रेपनेट’वर नोंदलेली आहे. माझा व्यवसाय डेटाबेसचा असल्यामुळे मी त्याबद्दल जास्त विचारलं. प्रत्येक प्लॉटला नोंदणी क्रमांक, प्रयोगशाळेचा अहवाल त्या क्रमांकाला जोडलेला, आणि युरोपातल्या दुकानात पोचलेल्या खोक्यावरून उलटं मागे येत येत या उतारापर्यंत पोचता येतं. इतकी स्वच्छ साखळी आमच्या ऑफिसच्या सिस्टीममध्ये नाही.

“तुम्ही कुठले?” त्यांनी मला विचारलं.

“उरणचा.”

“म्हणजे न्हावाशेवा! आमचा माल तिथूनच बोटीत चढतो की.” त्यांचा चेहरा खुलला. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बोटी आफ्रिकेला वळसा घालतात, प्रवास लांबतो, घडांचे देठ वाळतात, हे सगळं ते मला एखाद्या घरच्या माणसाकडे तक्रार करावी तसं सांगू लागले. जणू मी बंदरात एक शब्द टाकला तर बोट लवकर सुटेल. न्हावाशेवा हा एक शब्द नाही, न्हावा आणि शेवा ही दोन गावं आहेत, हे मी त्यांना सांगितलं. बंदरासाठी शेव्यातले लोक उठवले, कोळी लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि तो प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत आणि मोर्चात आहे. बंदर सुरू झालं मे १९८९ला. तिथल्या एका कंटेनर यार्डात माझे वडील टॅली क्लार्क आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वातानुकूलित कंटेनर वाढतात, त्यांच्या जनरेटरची घरघर रात्री आमच्या घरापर्यंत येते. त्यांत शून्य अंशावर ठेवलेली द्राक्षं असतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुणाची, ते आज कळलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “तुमची किती होती?”

“तीन एकर.”

“माझीही खाली तीन राहते,” ते म्हणाले. “हा वरचा गेला तर सोसायटीचं फिटतं, आणि ती तीन राहते.”

ही गोष्ट सरळ नाही, ती याच वाक्यामुळे. समोरचा माणूस फसवला जात नव्हता. त्याला विकायचं होतं, हिशोब करून, खालची बाग वाचवण्यासाठी. मी नावाला नकार दिला तर त्याचं नुकसान होणार होतं, माझ्या तत्त्वाचा त्याला काही उपयोग नव्हता.

मी दलालाकडून सातबाराची प्रत मागितली. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, ते ठीक. मालकांच्या दोन बहिणींची नावंही होती. “त्या सह्या देतील,” दलाल म्हणाला. डोंबिवली म्हणाला की पैसे पाच जणांचे, नाव उरणचं, आपसात एक कागद करू. नागपूरने याला काय म्हणतात ते सांगितलं, बेनामी. पण कायदा हे माझं खरं कारण नव्हतं. कायद्याची भीती घातली असती तर डोंबिवलीने वकील शोधला असता.

परतीच्या वाटेवर, धरणाच्या भिंतीच्या अलीकडे, सगळे पाण्यासाठी थांबले तेव्हा मी सांगून टाकलं. म्हणालो, मला घ्यायची असती तर मी घेतली असती, माझ्या पैशाने, माझ्या नावावर, आणि काय लावायचं ते त्या काकांना विचारलं असतं. पण आपल्याला शेत नकोय, देखावा हवाय. देखावा विकत घ्यायला शेतकरी लागतो, म्हणून मी लागतोय. माझ्या घरात सातबारावर एवढी नावं आहेत कारण त्या कागदाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. आजोबा ‘नेली’ म्हणायचे. मी ते नाव भाड्याने देणार नाही.

डोंबिवली चिडला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. “तू नाही घेतलीस तरी कुणीतरी घेणारच. आणि तो कुणीतरी त्या काकांना आपल्यापेक्षा कमी देईल. तुझा नकार नक्की कुणासाठी आहे?” मला याचं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. सोलापूरने विषय बदलायचा प्रयत्न केला. परळ सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “त्या जागेला वाट कुठून आहे रे? आपण गेलो ती तर त्यांच्या बागेतून होती.” कुणीच बघितलं नव्हतं. एक्सेल शीटमध्ये वाटेचा रकाना नव्हता.

शेवटचे दहा किलोमीटर आम्ही एका ओळीत, फारसं न बोलता चालवले. पण सायकलवर रुसवा टिकत नाही. पुढच्याच्या मागे चाक लावून बसलं की वारा कमी लागतो, आणि वारा समोरून असेल तर माणूस रागावलेल्या मित्रामागेही बसतो. नागपूर पुढे होती, तिच्यामागे डोंबिवली, त्याच्यामागे मी. एका खड्ड्याशी त्याने न वळता हात खाली करून बोटाने खूण केली. तेवढी खूण मला पुरली.

मी त्या काकांना नंतर फोन केला. नाव देणार नाही हे सांगायला, दलालामार्फत कळण्याआधी. ते म्हणाले, बरं केलं सांगितलंत. हंगाम जमला होता, एक कंटेनर गेला होता, दुसरा भरायचा होता. वरचा एकर अजून तसाच आहे, घाई नाही, एप्रिलच्या छाटणीनंतर बघू. मग त्यांनी कंटेनरचा नंबर वाचून दाखवला आणि तो बंदरात लागला का, एवढं बघाल का, म्हणून विचारलं. चार अक्षरं आणि सात आकडे. मी ते लिहून घेतले आणि बापूस कामावरून आल्यावर त्याच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा एका शब्दाचा मेसेज आला, “चढला.” मी तो तसाच नाशिकला पुढे पाठवला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नाशिकला जायचं ठरलं आहे. या वेळी दिंडोरीकडून मोहाडीपर्यंत, म्हणजे अख्खा दिवस मांडवाच्या बागांमधून. डोंबिवलीने नवी एक्सेल शीट केली आहे, तिच्यात मुक्काम, अंतर, चढ आणि प्रत्येकाचे पैसे आहेत. खोल्या भाड्याच्याच आहेत.